रेणुकाचं सहावं गणित

माझ्या बायकोला माझ्याबद्दल माहीत नाही असं आता फारसं काही उरलेलं नाही. हे एक उरलंय. तिला सांगितलं नाही, मुलाला नाही, ज्या मित्रांसोबत रोज सकाळी फिरायला जातो त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नाही, हेही आधीच कबूल करून टाकतो.

मी अमरावतीत गणित शिकवतो. राजापेठेत, मागच्या गल्लीत माझा क्लास आहे. गावात नाव बरं आहे. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात, गाडी थांबवतात, सोबतच्या पोराला म्हणतात, "सरांच्या पाया पड." पोरगं वाकतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. न ठेवून काय करू?

मी कुणाला मारलं नाही. कुणाचं काही लुबाडलं नाही. खोटं बोललो. तुम्ही म्हणाल, खोटं कोण बोलत नाही? मीही स्वतःला हेच म्हणत आलो. एकदा बोललो, मग ते झाकायला पुन्हा बोललो. आणि तिसऱ्यांदा — तिसरं तर अगदी अलीकडचं आहे. त्याच्यापाशी यायचं मी सारखं टाळतोय. येतो. आधी ती मुलगी कोण, ते सांगू द्या.

तिचं नाव रेणुका. मूर्तिजापूर सोडून अकोल्याकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताला तिचं गाव लागतं. घरची फुलशेती — झेंडू, शेवंती, थोडा मोगरा. वडील सुखदेवभाऊ पहाटे फुलं तोडून अकोल्याच्या बाजारात नेत. अकरावीला रेणुका अमरावतीत आत्याकडे राहायला आली आणि माझ्या क्लासला बसू लागली. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. बोलायची कमी. जे बोलायची ते थेट गावच्या बोलीत. शहरातल्या मुली हसायच्या, तिला त्याचं काही नव्हतं.

तेव्हा माझा क्लास आजच्यासारखा नव्हता. मी कॉलेजातली नोकरी सोडून नुकताच स्वतंत्र झालो होतो आणि नेमके त्याच वेळी बाहेरचे मोठे क्लास शहरात येऊन बसले होते — गार खोल्या, चौकाचौकांत फ्लेक्स, फ्लेक्सवर पोरांचे फोटो. माझ्याकडे फ्लेक्सवर लावायला फोटोच नव्हता. इंजिनिअरिंगच्या मोठ्या परीक्षेत माझं एकही पोर कधी चमकलं नव्हतं.

एक दिवस मी वर्गाला एक कोडं घातलं. चिक्कीची मोठी वडी आहे, तिच्यावर चौकोन पाडलेले आहेत. एका वेळी एकच तुकडा उचलून रेघेवर मोडायचा. सगळे चौकोन सुटे करायला कमीत कमी किती वेळा मोडावं लागेल? पोरं आकृत्या काढायला लागली. मी फळ्यावर माझी सिद्धता मांडायला घेतली — लांबलचक, पायरीपायरीची, अर्धा फळा भरला. मागून रेणुका म्हणाली, "सर, एकदा मोडलं का एक तुकडा वाढते. कसंबी मोडा. मंग कमी काय आन् जास्त काय?"

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. बरोबर होतं. इतकं बरोबर होतं, की माझा अर्धा भरलेला फळा पुसण्याखेरीज मला काही उरलं नाही. मी हसून "शाब्बास" म्हणालो. मनापासून म्हणालो — त्या दिवशी तरी मनापासून.

रेणुकाला गणित यायचं असं म्हणणं कमी पडेल. ते तिला दिसायचं. पण रसायनशास्त्र तिच्या डोक्यात शिरत नसे, भौतिकशास्त्र जेमतेम. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत तीनही विषय लागतात. त्या परीक्षेत तिचं फार काही होणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही. दुसरी वाट तिनं स्वतःच शोधून काढली. दक्षिणेत गणिताची एक संस्था आहे. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. तिथं नुसत्या गणिताची लेखी परीक्षा असते, मग मुलाखत. सगळ्या देशातून मूठभर पोरं घेतात. रेणुकानं आत्येभावाच्या मोबाइलवर हे सगळं वाचलं आणि मला विचारलं, "सर, देऊ का?"

मी म्हणालो, दे. हे माझ्या बाजूनं सांगत नाहीये. घडलं तसं सांगतोय.

ती वडिलांसोबत नागपूरला जाऊन परीक्षा देऊन आली. दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधीच हजर. चेहरा असा फुललेला मी तिचा कधी पाहिला नव्हता. म्हणाली, "सहावं गणित दाखवतो तुमाले." आणि फळ्यापाशी गेली. पेपरातलं ते सगळ्यात अवघड गणित होतं, शेवटचं. ती लिहीत गेली, मध्येच थांबून माझ्याकडे बघायची — समजलं ना सर? मी मान हलवत होतो. मला समजलं नव्हतं. हे तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. फळ्यासमोर उभा राहून मी, तिचा सर, मान हलवत होतो आणि मला तिची तिसरी ओळ कळली नव्हती. "छान," म्हणालो. "खाली बस."

त्या आठवड्यात ते गणित मी घरी बसून सोडवलं. तिच्या वाटेनं चालत गेलो, प्रत्येक पायरी तपासली. एकही ओळ वावगी नव्हती. पुढं मी जे बोललो ते अजाणतेपणी नव्हतं, हे तुमच्या लक्षात राहावं म्हणून सांगतो. तिचं गणित बरोबर आहे हे मला स्वतःला पक्कं माहीत होतं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मे महिना, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. ती ओढणी डोक्याला गुंडाळून आली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "सर, माझा चान्स किती हाये? खरं सांगजा." लाख पोरांनी मला हा प्रश्न विचारला असेल. प्रत्येक वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देतो. तिला म्हणालो, थांब, विचारून सांगतो. माझा एक जुना वर्गमित्र तिथं शिकवतो.

त्याचं नाव शिरीष. एमएस्सीला आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तो पुढं गेला, मी इकडं परत आलो. तक्रार नाही — म्हणजे नव्हती, असं मला वाटत होतं. मी फोन लावला. रेणुकाचं नाव सांगताच तो जवळजवळ ओरडलाच. "अरे, ती तुझ्याकडची आहे? हे मी सांगायला नको, पण तिच्या सहाव्या गणितावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चाललीय. आमच्यापैकी कुणालाच ती वाट सुचली नव्हती. मुलाखत नावापुरती समज. तिला फक्त पाठव."

मला आनंद झाला. खरंच झाला, क्षणभर छाती भरून आली. मग तो हसला. मोकळं, जुन्या दोस्तीतलं हसला आणि म्हणाला, "पण एक सांग, हे तू शिकवलेलं नाहीस ना? तुझ्या शिकवण्यातलं नाही वाटत रे हे."

बस. एवढंच.

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. मी शिकवलेलं नव्हतंच ते. मीही हसलो, "नाही रे, पोरगी हुशार आहे," म्हणालो, फोन ठेवला. आणि खुर्चीत बसून राहिलो. वरती पंखा फिरत होता. माझ्या अंगात काहीतरी कडू कडू होत गेलं. ती जाणार. तिथं पोचणार. आणि तिथं कुणी विचारलं की कुणाकडे शिकलीस, तर ती माझं नाव घेईल आणि सगळे असेच हसतील. तुम्हाला हे कारण फारच क्षुल्लक वाटतंय ना? मलाही वाटतं. याहून मोठं कारण मी खूप शोधलं — क्लासचा फोटो, फ्लेक्स, रेणुका इथंच राहिली तर इंजिनिअरिंगच्या परीक्षेत गणितात पहिली येईल, निदान तेवढं तरी मला छापता येईल. हेही होतं. पण आधी ते हसणं होतं. फ्लेक्स नंतर आठवला.

रविवारी दुपारी सुखदेवभाऊ आले. रेणुका सोबत होती. माझ्या घरच्या पुढच्या खोलीत ते खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बायकोनं पन्हं दिलं, ते त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. मग म्हणाले, "सर, मले यातलं काई समजत नाई. पोट्टी म्हणते जा लागते. मी संग जातो. फुलं तोडाले साळा हाये, हिचा मामा, वावराची फिकर नाई. तुमी फक्त हो म्हणा. तुमी हो म्हटलं का झालं."

ऐकलंत ना? बाप तयार होता. स्वतः सोबत जायला निघाला होता. माझ्या एका शब्दासाठी तो इतक्या उन्हात आला होता.

मी घसा साफ केला. म्हणालो, मी तिथं फोन केला होता. माझा मित्रच आहे. तो म्हणाला, बोलावणं पुष्कळांना जातं. मोठ्या शहरांतली पोरं असतात, मुलाखत सगळी इंग्रजीत. हिचा पेपर सर्वसाधारण आहे. उगाच इतक्या लांब जाऊन — पोरीचं मन मोडेल. त्यापेक्षा इंजिनिअरिंगच्या परीक्षेवर जोर देऊ. मी आहे ना.

"मी आहे ना" असंही म्हणालो.

सुखदेवभाऊंनी मान डोलवली. पण रेणुका माझ्याकडे बघत होती. तिनं एकच विचारलं, "सर, सहावं गणित पाह्यलं का त्याईनं?"

इथं मला परत फिरता आलं असतं. "माहीत नाही" म्हणता आलं असतं. ती कदाचित हट्ट करून गेलीही असती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं — हो, बघूनच — आणि म्हणालो, "पाहिलं. ते चुकलंय म्हणाला."

तिचा चेहरा मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. ती रडली नाही. "कुठं चुकलं?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, फोनवर एवढं कुठं विचारत बसू? सुखदेवभाऊ उठले. जाताना मला हात जोडले आणि म्हणाले, "बरं झालं सर, तुमी साफ सांगतलं. दुसरं कोणी असतं तं आमाले नादी लावलं असतं."

हे पहिलं खोटं.

मुलाखतीचा दिवस गेला. शिरीषचा फोन आला — "तुझी मुलगी आलीच नाही रे. आम्ही वाट पाहत होतो." मी काय उत्तर द्यायचं याचा विचारही केला नव्हता. तोंडातून आपोआप निघालं, "वडिलांनी पाठवलं नाही. शेतकरी माणसं, तुला माहीत आहे. मुलीला इतक्या लांब कशाला, म्हणाले. मी खूप समजावलं." पलीकडे तो मोठा उसासा टाकून म्हणाला, "हेच होतं रे आपल्याकडे." त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेल्या त्या माणसावर मी आळ घेतला आणि तो किती सहज चिकटला! कुणालाही तो खराच वाटला असता. म्हणून तर तो मला सुचला.

पुढचं थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत रसायनशास्त्रानं तिला बुडवलं. ते होणारच होतं. गणितातही ती पहिली आली नाही. सोडवलेलं गणित ती पुन्हा पुन्हा तपासत बसली, वेळ संपला आणि मागचे प्रश्न तसेच राहिले. पूर्वी ती असं करत नसे. उत्तर दिसलं की लिहायची आणि पुढं जायची. आता तिला दिसलेल्यावर भरवसा उरला नव्हता. तो कुणी काढून घेतला, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

निकालानंतर सुखदेवभाऊ एकटे आले. माझी माफी मागायला! "सर, आमची पोट्टी कमी पडली. तुमी एवढी मेहनत घेतली, तुमाले खाली पाहा लागलं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, असं होतं कधी कधी. बायको आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, किती भले लोक आहेत.

रेणुकाला इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. विषय मागे राहत गेले, पदवी कशीबशी हाती आली. पुढं ती अकोल्यात एका शाळेत पोरांना कम्प्युटर शिकवू लागली. मध्ये एकदा मी तिला म्हटलं होतं, माझ्याकडे येऊन लहान पोरांना गणित शिकव. काय वाटून म्हटलं असेन? थोडं ओझं उतरेल असं वाटलं असणार. ती म्हणाली, "नाई सर. मले गणित येते असं मले वाटते, पण येत नाई. पोट्ट्याईले चुकीचं शिकवीन." तिची आत्या सांगत होती, घराबाहेर पडताना ती कुलूप ओढून पाहते, दोन पावलं जाते आणि पुन्हा येऊन ओढते. गॅस बंद केला की नाही ते शेजारणीला बघायला लावते. आत्या हे हसत हसत सांगत होती. मीही हसलो.

माझा क्लास मात्र वाढला. दुसरी पोरं चमकली, फ्लेक्स लागले. दोन मजले झाले.

मग या हिवाळ्यात शिरीष अमरावतीला आला. इथल्या एका कॉलेजनं त्याला व्याख्यानाला बोलावलं होतं. मी बोलावलं नव्हतं, एवढ्या वर्षांत कधीच बोलावलं नव्हतं. पण गावातला नावाजलेला गणिताचा शिक्षक आणि पाहुण्यांचा वर्गमित्र म्हणून मला व्यासपीठावर त्याच्या शेजारी बसवलं. हॉल भरला होता. मागच्या दारापाशी, भिंतीला टेकून रेणुका उभी होती. अकोल्याहून आली होती. त्या संस्थेतलं कुणी येणार हे तिला कुठून कळलं, कोण जाणे. गणित सोडलेल्या बाईनं शाळेतून रजा काढून एवढ्या लांब कशाला यावं? मी तिला पाहिलं आणि हातातली कार्यक्रमपत्रिका वाचू लागलो.

शिरीष छान बोलतो. पोरांना हसवत हसवत तो गणितातल्या सौंदर्याकडे वळला आणि म्हणाला, "मी तुम्हाला एक उत्तर दाखवतो. हे कुण्या मोठ्या गणितज्ञाचं नाही. तुमच्याच भागातल्या एका मुलीचं आहे." आणि तो फळ्याकडे वळला.

तुम्हाला पुढचं कळलंच असेल. तिसरी ओळ आली, जी मला त्या दिवशी कळली नव्हती. मी समोर पाहिलं. रेणुकाचे ओठ हलत होते. शिरीष लिहायच्या आधीच ती पुढची ओळ म्हणत होती. शेवटची ओळ लिहून त्यानं खडू ठेवला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मग हात वर करून तो म्हणाला, "टाळ्या थांबवा. ही मुलगी आमच्याकडे आलीच नाही. लेखी परीक्षेत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. मुलाखत नावापुरती होती. आम्ही वाट पाहिली. पण तिच्या वडिलांनी तिला पाठवलं नाही. माझ्या या मित्रानं त्यांना खूप समजावलं" — आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला — "पण नाही. मुलींच्या आईबापांनो, असं करू नका."

लोक हळहळले. माझ्या शेजारचे प्राचार्य मान हलवून म्हणाले, "अरेरे." आणि सगळ्या हॉलमध्ये एकच माणूस माझ्याकडे बघत होतं.

कार्यक्रम संपल्यावर पोरांनी शिरीषला घेरलं. मी बाजूच्या दारानं निघालो. पळालोच म्हणा. पायऱ्यांवर ती होती. ओरडली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, "चूक शोधून राहिली होती मी सर. आतापर्यंत. अजूनबी कधी कधी बसतो शोधत. आन् बाबा? बाबानं तं नवा शर्ट शिवला होता जाच्यासाठी." मग तिनं विचारलं, "कावून सर?"

का केलं, याचं तिला खरोखर उत्तर हवं होतं. ती थांबली होती, जशी फळ्यापाशी थांबायची. मी तिला शिरीषच्या हसण्याचं सांगू शकलो असतो. ते सांगण्याची लाज वाटली. केल्याची वाटायला हवी होती त्याहून जास्त वाटली, असंच म्हणावं लागेल. मी म्हणालो, "उशीर होतोय, तुझी गाडी जाईल." आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो. ती पायऱ्या उतरून गेली.

आता तिसरं.

चार-सहा दिवसांनी सकाळी सुखदेवभाऊंचा फोन आला. आवाज थकलेला. आता त्यांच्यानं फुलं तोडणं होत नाही, साळाच सगळं बघतो. आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, वहिनी कशा आहेत विचारलं. मग घुटमळले. मग म्हणाले, "सर, राग नका मानू. पोट्टी काईच्या काई बोलून राहिली. म्हणते, तुमी खोटं सांगतलं होतं तवा. म्हणते, मी पाठवलं नाई असं तुमी सांगतलं लोकाईले. मी म्हटलं, सर असे करत नाईत. तुनं चुकीचं आयकलं असन. तिची आन् माही तवापासून बोलचाल बंद हाये, सर. तिनं मले म्हटलं, बाबा, तुमी माह्यापेक्षा त्याईचं खरं मानता."

मी ऐकत होतो. बायको समोर मेथी निवडत बसली होती, तिनं भुवयांनीच विचारलं, कुणाचा? मी हातानंच सांगितलं, काही नाही.

"तुमी फक्त एकडाव सांगा सर," ते म्हणाले. "तिनं चुकीचं आयकलं ना?"

तो माणूस माझ्यासाठी पोटच्या पोरीशी भांडून बसला होता. एक शब्द बोललो असतो तर त्याला त्याची पोरगी परत मिळाली असती. आणि मी? माझं काय गेलं असतं? गावातलं नाव गेलं असतं. माझ्यासमोर वाकणारी पोरं गेली असती. शिरीषला कळलं असतं. समोर मेथी निवडणाऱ्या बाईला कळलं असतं. मी हे सगळं मोजलं. फोन कानाला लावून, शांतपणे मोजलं. सुखदेवभाऊ वाट बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हो भाऊ," मी म्हणालो. "हॉलमध्ये फार गोंगाट होता. तिनं चुकीचं ऐकलं."

"तेच म्हटलं मी तिले," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढी सुटका होती! "तेच म्हटलं." आणि त्यांनी फोन ठेवला.

तिनं बरोबर ऐकलं होतं.